सगळे बसल्याशिवाय लावायचं नाही

भाचीला पुण्यात नोकरी लागली आणि पहिल्या दिवाळीला ती झाशीला आली, तेव्हा बॅग उघडायच्या आधी तिने टीव्हीचा रिमोट हातात घेतला. सिनेमे आणि मालिका बघायच्या त्या ॲपची वर्गणी तिने भरली होती आणि एका वर्गणीत घरातली सगळी माणसं बसतात, असं ती म्हणत होती. प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल. आजीचं एक, बाबांचं एक, आईचं एक, आत्याचं म्हणजे माझं एक आणि तिचं स्वतःचं एक. प्रत्येकाला तिने एकेक चित्रही निवडून दिलं. मला दिलं चष्मेवाल्या घुबडाचं. मी इंटर कॉलेजात गणित शिकवते, लग्न केलं नाही, भावाच्या घरात वरच्या मजल्यावर राहते आणि तोंडाने जरा तिखट आहे, हे सगळं खरं. पण म्हणून घुबड?

आई सोफ्यावर बसून बघत होती. आई म्हणजे माझी आणि दादाची आई. आम्ही बाकीचे सगळे अर्धे हिंदीत आणि अर्धे मराठीत बोलतो, ती मात्र दूधवाल्या भैयाशीसुद्धा मराठीतच बोलते आणि त्याला ते कळतं. तिने विचारलं, हे पाच चौकोन कसले? भाचीने हौसेने समजावलं की ज्याने त्याने आपापल्या चौकोनात जायचं, आपलं आपलं बघायचं, कुणाचं कुणात मिसळत नाही. आईचा चेहराच उतरला.

"एका घरात पाच चुली?" ती म्हणाली.

झालं. आईने चुली काढल्या की आमच्याकडे विषय संपतो. ती नवी नवरी होऊन आली त्याच वर्षी तिच्या सासरी भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या, आणि ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. मी म्हटलं, अगं आई, ही चूल नाही, टीव्ही आहे. पण वहिनीने माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं आणि लेकीला सांगितलं, बाकीचे काढून टाक. भाची कपाळाला हात लावून बसली, पण काढले तिने. उरलं ते आजीचं, मांजराच्या चित्राचं. त्या एका मांजरात आम्ही सगळे.

आता एकाच प्रोफाइलमध्ये घरभर माणसं म्हणजे काय होतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. मी वर माझ्या मोबाइलवर खुनाखुनीचं काही बघितलं की दुसऱ्या दिवशी खाली टीव्हीवर आईला रक्ताळलेल्या सुऱ्या दिसायच्या, आणि वर 'तुम्हाला आवडेल' असं लिहिलेलं. आईला ते वाचून फार राग यायचा. मला कसं आवडेल, मेल्यांनो, असं ती टीव्हीला विचारायची. दादाचे कुस्तीचे कार्यक्रम, भाचीच्या कोरियन मालिका, वहिनीचे कपडे शिवायचे कार्यक्रम, सगळं आईच्या नावावर. त्या ॲपला वाटत असणार की झाशीत एक पंच्याऐंशीच्या घरातली बाई आहे आणि तिचं काही खरं नाही.

पण संध्याकाळची मालिका मात्र सगळ्यांची एकच होती. डोंगरातलं एक गाव, दोन बहिणी आणि त्यांचा नाहीसा झालेला भाऊ. देवापाशी दिवा लागला की वहिनी बरुआसागरचं आलं ठेचून चहा करायची, गॅस बंद करून येऊन बसायची आणि मगच मालिका लागायची. दादा रेल्वेत गार्ड आहे. तो ड्युटीवर असला तर त्या दिवशी नाहीच लावायची. पंगतीत शेवटच्या पानावर वाढून झाल्याशिवाय कुणी घास घेत नाही, तसंच हे, असं आईचं म्हणणं. भाचीनेही पुण्यात पुढचा भाग बघायचा नाही, कारण तिने बघितला की इकडे टीव्ही तिथूनच उघडणार. तिच्या ऑफिसातल्या मुलींनी अख्खी मालिका दोन बैठकीत संपवली. शेवट कुणी बोलायला लागलं की ही उठून पाणी प्यायला जायची, बिचारी.

आणि मग दादाने ती आगळीक केली. कुठल्याशा स्टेशनात गाडी अडकली, गार्ड-ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या रनिंग रूममध्ये वेळ जाईना, म्हणून त्याने मोबाइलवर पुढचे तीन भाग बघून टाकले आणि घरी येऊन चूप बसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टीव्ही लागला तो भलतीकडेच. नवी माणसं, नवं घर, थोरली बहीण एकदम विधवेच्या वेशात. आम्हाला वाटलं, असेल काहीतरी, उलगडेल पुढे. आई मात्र हळूच म्हणाली, ही कोण? तिचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले होते.

त्यानंतर मालिकेच्या वेळेला आईची कंबर भरायला लागली. ती देवघरात जाऊन वाती वळत बसायची. तुम्ही बघा, मला काय त्याचं, म्हणायची. मला काही कळलं नाही. दादाला तर नाहीच नाही. कळलं ते वहिनीला. आईला वाटत होतं की आपण मधलं सगळं बघितलंय आणि विसरलोय. आपलं डोकं गेलं आणि हे सगळ्यांना कळणार, याची तिला भीती वाटत होती.

वहिनी मऊरानीपुरची. धान्याच्या अडतीचं घर, बोली बुंदेली, मराठीचा गंध नाही. दादाने स्वतः जमवलेलं लग्न, त्यामुळे पहिलं वर्षभर आई तिच्याशी कामापुरतंच बोलायची. मग स्वयंपाकघरात पुरणाच्या गोळ्यावरून, लोणच्याच्या फोडींवरून तिला एकेक शब्द शिकवायला लागली. वहिनीची मराठी ही अशी सबंध आईच्या हातची आहे. भिंतीतल्या कपाटाला 'फडताळ' म्हणते ती. माझ्या वर्गातली मराठी घरची पोरं फडताळ म्हटलं तर तोंडाकडे बघतील. आईला ती 'आईजी' म्हणते, त्यातला 'जी' काही सुटला नाही.

तर वहिनीने दादाला पोळ्या लाटता लाटता विचारलं, पुढे बघितलं का? तो हसायला लागला. तिने लाटणं खाली ठेवलं, त्याला तसाच देवघरात नेला आणि आईसमोर कबूल करायला लावलं. आईचा चेहरा असा उजळला की काय सांगू. वाती तिथेच टाकून तिने दादाला जे फैलावर घेतलं! घरच्या माणसांना टाकून पुढे जातोस, लाज नाही वाटत, एवढी नोकरी केलीस रेल्वेत, डबे मागे सोडून इंजिन गेलेलं बघितलंयस कधी? साठीला आलेला माझा भाऊ कान धरून उभा होता. आणि आई परत सोफ्यावर येऊन बसली.

त्याच हिवाळ्यात मात्र ते खरंच सुरू झालं. आई लक्ष्मी ताल या तळ्याजवळच्या देवळातून येताना वाट चुकली, नेहमीच्या रिक्षावाल्याने घरी आणून सोडली. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं की पुढे पुढे जास्तच विसरतील, त्यांना टोकू नका. घाबरल्या की जास्त बिघडतं.

त्या संध्याकाळी मालिका लागली आणि आईने विचारलं, ही कोण? मी तोंड उघडणार होते. काल तर बघितलं ना आई, हे अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात वहिनी चिडून म्हणाली, "आईजी, यांनीच पुन्हा पुढे बघून टाकलं असणार. थांबा, मागे नेते."

आई लगेच दादाकडे वळली. दादा म्हणाला, "चुकलं, आई." तिने त्याला यथेच्छ झापलं. वहिनीने भाग मागे नेला, आधीची सगळी कथा सांगितली आणि आम्ही कालचाच भाग पुन्हा बघितला.

मला खरंच वाटलं की हा पुन्हा चुकला. जेवण झाल्यावर मी त्याला गाठून चांगलं सुनावलं, एवढं कसं रे तुला राहवत नाही. तो शांतपणे ताक पीत होता. म्हणाला, त्याने काही बघितलेलं नाही. मग तसं सांगत का नाहीस, मी विचारलं.

"मी नाही म्हटलं, तर मग विसरलं कोण?" दादा म्हणाला.

माझा भाऊ तसा तापट. साहेबाचा एक शब्द ऐकून घेत नाही, त्यापायी बदल्या झाल्यात त्याच्या. तो माणूस त्या दिवसापासून घरी असेल त्या दर संध्याकाळी न केलेल्या गुन्ह्याबद्दल बोलणी खातो. आणि त्या दोघांनी हे आपसात ठरवलंही नव्हतं. वहिनीने सोफ्यावर बसल्याबसल्या एक थाप मारली आणि त्याने ती झेलली, एवढंच.

मग आम्ही चौथ्या भागात अडकलो ते अडकलोच. महिने गेले. चौथ्या भागात त्या भावाची एक चप्पल विहिरीपाशी सापडते. गावचे सगळे म्हणतात, गेला. आई रोज पुढे झुकते, डोळे बारीक करते आणि म्हणते, एकच चप्पल कशी असेल, तो जिवंत आहे, लिहून ठेवा. रोज तिला तेवढाच आनंद होतो. मी गणिताची बाई, एकच उदाहरण दोनदा सोडवायचा मला कंटाळा. सुरुवातीला मी अक्षरशः चडफडत बसायचे. पण वहिनी काय कथा सांगते, म्हणता! कीर्तनकाराने आख्यान रंगवावं तशी. एक दिवस धाकट्या बहिणीच्या बाजूने सांगेल, एक दिवस पोस्टमनच्या. मध्येच हिंदीत शिरेल, तिथून बुंदेलीत, आणि आई तिला ओढून मराठीत आणेल. कथा आईला आठवत नाही, पण वहिनीची मराठी घसरली की बरोबर पकडते. भाग लागायच्या आधीच माझा जीव रमायला लागला तो त्या सांगण्यात. मालिका राहू दे, कथाच सांग, असंही एकदोनदा वाटून गेलं.

मध्ये त्या ॲपवाल्यांनी नियम बदलला. एक वर्गणी म्हणजे एकच घर, दुसऱ्या गावातली माणसं चालणार नाहीत. वर्गणी भाचीची, तिचा पत्ता पुण्याचा, म्हणजे आमचा टीव्ही बंद पडणार. मी तिला फोन केला तर तिने आधीच सगळं बदलून ठेवलेलं. घर म्हणून झाशीचा टीव्ही लावला आणि स्वतःच्या मोबाइलवर बंद करून घेतलं. तुझं काय मग, विचारलं, तर म्हणाली, आत्या, अगं घर तिथेच आहे ना. आता दिवेलागणीला ती व्हिडिओ कॉल करते, वहिनी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते आणि ही पुण्यातून तीच चप्पल बघते. पोरगी वहिनीवर गेली आहे, याचं मला फार बरं वाटतं.

हे आता सांगते ते गेल्या आठवड्यातलं. चहा झाला होता, दादा ड्युटीवरून येऊन हातपाय धुऊन बसला होता, मी होते. वहिनी पदराला हात पुसत आली आणि नेहमीसारखा आईच्या मांडीवरचा रिमोट घ्यायला वाकली. आईने रिमोट पदराखाली ओढला. वहिनीकडे बघून ती परक्या माणसाशी बोलावं तसं मऊ, आदराने बोलली.

"बसा हो बाई. पण आत्ता नाही लावायचं. आमची सून यायची आहे. ती आल्याशिवाय आम्ही लावत नाही."

दादाने मान खाली घातली. मला तर कुठे बघावं ते कळेना. वहिनी तशीच वाकलेली होती, हात पुढे. मग ती सरळ झाली, बरं म्हणाली आणि आत गेली. मी मागोमाग गेले. मोरीपाशी उभी राहून तिने तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने पदराने तोंड पुसलं, डोक्यावरून पदर नीट केला आणि बाहेर येता येता दारातूनच मोठ्याने म्हणाली, "आले हं, आईजी."

आईने वर बघितलं. तिचा चेहरा उजळला. रिमोट पदराखालून काढून तिने वहिनीच्या हातात दिला आणि शेजारी सरकून जागा केली.

"ये. कुणी एक बाई आल्या होत्या, लावायला बघत होत्या. चांगल्या होत्या हो, पण मी नाही लावू दिलं."

"बरं केलंत," वहिनी म्हणाली. ती आईला टेकून बसली आणि डोंगरातल्या गावात दोन बहिणी राहायच्या, इथून सांगायला लागली.