अंगठ्याचा पाव

चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला कुणी ‘धाकटा’ म्हणावं का? पण बेकरीवाल्या धाकट्याला सगळा बाजार धाकटाच म्हणायचा. त्याची थोरली बहीण अजून भट्टीशेजारी स्टुलावर बसून पिठाचे गोळे वळत होती, आणि ती असताना हा थोरला होणार कसा! ताई अठ्ठ्याहत्तरची. दिसायचं तिला जवळजवळ काहीच नाही. “म्हातारपण, दुसरं काय,” असं ती म्हणायची, आणि धाकटाही मुकाट मान डोलवायचा.

त्यांचा गोल पाव गावभर प्रसिद्ध होता. वर मधोमध अंगठ्याएवढा खळगा. त्यात दूध साचायचं आणि भाजल्यावर त्याची गोडसर, खरपूस चकती व्हायची. पोरं आधी तीच कुरतडून खायची. आता तर गावातला प्रत्येक बेकरीवाला खळगा पाडायचा आणि तो आपल्याच पणजोबांनी काढला असं छातीठोकपणे सांगायचा.

त्या सकाळी जुन्या पदार्थांवर पुस्तक लिहिणाऱ्या एक बाई वही घेऊन आल्या. बाई हुशार, फक्त उत्तरं घरूनच घेऊन आलेल्या.

“हा खळगा म्हणजे सूर्याचं चिन्ह असणार,” त्या म्हणाल्या. “नाहीतर प्रवासाला निघालेल्या माणसासाठी आशीर्वाद म्हणून अंगठा उमटवत असतील. तुमच्याकडे काय सांगतात?”

धाकटा उगाचच टेबल पुसायला लागला. खरं काय ते ताई सोडली तर जगात त्याला एकट्याला ठाऊक होतं, आणि अठ्ठावन्न वर्षं त्याने ते ओठांबाहेर काढलं नव्हतं.

ताईची नजर विशीतच जायला लागली होती. कुणाला सांगेल तर शपथ! वडील असे तापट, की त्यांच्यापेक्षा भट्टी परवडली. त्यांना कळलं असतं तर त्यांनी तिला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं, आणि ताईचा सगळा जीव या बेकरीत. भाजण्याआधी अर्ध्या पावांवर दुधाचं फडकं फिरवायचं काम तिचं, अर्ध्यांवर धाकट्याचं. ओलसर पिठावर दूध लागलं की नाही ते नुसत्या हाताला कळत नाही. म्हणून तिने युक्ती काढली. दूध लावलं की अंगठा दाबायचा. मग चाचपलं की समजतं, कुठला झाला आणि कुठला राहिला. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या सोळा वर्षांच्या धाकट्याने हे एका दिवसात ओळखलं.

अर्धे पाव खळग्याचे, अर्धे बिनखळग्याचे. दुकानात वडील कडाडले, “हे कुणाचे उद्योग?”

“माझे,” धाकटा म्हणाला. “गिऱ्हाइकांना आवडतंय.”

एक सणसणीत थप्पड खाऊन त्याने दुसऱ्या दिवशी आपल्याही ट्रेमधल्या एकूण एक पावाला अंगठा दाबला. पंधरा दिवसांत गिऱ्हाइकं खरोखरच ‘खळग्याचा द्या’ म्हणायला लागली, आणि वडिलांचं तोंड बंद झालं. ताईला यातलं काहीच कळलं नाही, अशी धाकट्याची पक्की समजूत होती.

आणि आता या बाई. खरं सांगायचं म्हणजे ताईने जन्मभर झाकलेलं परक्या माणसापुढे उघडं करायचं. त्यापेक्षा खोटं परवडलं.

“आमच्या वडिलांची कल्पना,” तो म्हणाला. “फार कल्पक माणूस.”

“कल्पक?” ताईचे हात थांबले. “बाबांनी जन्मात कधी पावाला अंगठा लावला नाही, लावला तो आवाज! बाई, घ्या लिहून. विशीतच मला दिसेनासं झालं होतं. दूध लावलेला पाव ओळखायला मी अंगठा दाबायचे. आणि माझी चोरी पकडली जाऊ नये म्हणून हा ठोंब्या आपल्याही पावांना दाबायचा.”

धाकटा तिच्याकडे वळला. “तुला माहीत होतं?”

“आंधळी होत होते, खुळी नव्हते. दुसऱ्याच दिवशी तुझ्या ट्रेवरून हात फिरवला. माझे दोन अंगठे बसतील एवढाले खळगे! पिठाच्या पोत्यांमागे जाऊन रडले त्या दिवशी.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तू एवढा जीव लावून लपवत होतास. म्हटलं, कशाला विरस करा.”

बाईंनी सूर्यावर काट मारली.

भट्टी तापली होती, थांबून चालणार नव्हतं. धाकट्याने भरलेला ट्रे पुढे ओढला आणि दुधाचं फडकं फिरवायला लागला. फडकं, अंगठा, फडकं, अंगठा. पण डोळे असे भरून आले होते की समोरचं धड दिसत नव्हतं. तो ट्रे भट्टीकडे सरकवणार, तोच ताईने सवयीने पावांवरून बोटं फिरवली. कोपऱ्यातले तीन तसेच राहिले होते. तिने त्याच्या हातातून फडकं घेतलं, तिन्हींना दूध लावलं, आणि एकेकावर आपला अंगठा दाबला.