राणीच्या पोराचं काय झालं

गावात उंदीर मरायला लागले तसे आम्ही घरं सोडून उमापूरच्या शिवारात झोपड्या घालून राहिलो. निजामाचे शिपाई कुणाला गावात परत फिरकू देत नव्हते. माझे धनी पहिल्याच आठवड्यात गेले. मग माझ्या सहा वर्षांच्या पोराच्या काखेत गाठ आली.

नगरकडून एक गोरी मडम औषधाची पेटी घेऊन आली होती. दूर उत्तरेच्या, बर्फाच्या मुलखातली, मराठी बोलायची. ती पोराचं तापलेलं अंग ओल्या फडक्यानं पुसत बसे. मी दोन दिवस अन्नाला शिवले नव्हते. ते बघून एका सकाळी तिनं तिच्या मुलखातल्या एका जुन्या राणीची गोष्ट काढली.

राणी लहानपणीच शेजारच्या राज्यातून आणलेली, सासरीच वाढली. पुढं दीर पाहुणे म्हणून आले आणि त्यांनी राजाला आणि तिला कैद केलं. त्या गोंधळात एका इमानी नोकरानं तिच्या पोराला उचलून तिच्या माहेरी पोचवलं. सुटका झाल्यावर काही वर्षांनी राजानं भावांना मेजवानीला बोलावलं, कोठडीत घातलं आणि उपाशी मारलं. रयत उठली. राजा-राणी पळाले, पण बापाच्या मदतीला माहेराहून परतलेला पोरगा वैऱ्यांच्या हाती सापडला.

इथं मडम थांबली.

"पोराचं काय झालं?" मी विचारलं.

"ते उद्या सांगते."

"आत्ताच सांगा."

तिनं मान खाली घातली. "जीव राखू असा शब्द दिला होता. तरी त्याचं डोकं उडवलं."

मी तिच्या हातातलं फडकं ओढून घेतलं. "मंग मला कावून सांगितलं? माझं पोरगं असं पडलंय, दिसत न्हाई का तुमाला?"

"राणी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली," मडम म्हणाली. "कशी, ते मला ठाऊक नाही. पण जगली."

मी तिला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगं गेलं. चार माणसं जमली नाहीत. माझ्या दिरानं एकट्यानं उचलून नेलं. मी चटईवर पडून राहिले. मरण येईल अशी वाट बघत होते, पण मला साधा तापही आला नाही.

तिसऱ्या दिवशी मडम दाराशी आली. "पलीकडच्या झोपडीत एक म्हातारी एकटीच आहे. पाणी पाजायला कुणी नाही."

मी उठले. का उठले, ते आजही सांगता येत नाही. म्हातारीनं दोन घोट घेतले, माझं मनगट धरलं आणि मला तिच्या लेकीच्या नावानं हाक मारली. मी ओ दिली. संध्याकाळपर्यंत तीही गेली.