दादाच्या अंगाचा वास

माझा थोरला भाऊ देवराम मानपाड्याच्या एका केमिकल कंपनीत बत्तीस वर्षं ऑपरेटर होता. तिथे पिरिडीन आणि त्याच्या भावकीतली रसायनं बनायची, औषधवाले ती पुढे न्यायचे. पिरिडीनचा वास म्हणजे उन्हात विसरलेला बांगडा. दादा कंपनीत आंघोळ करून यायचा, घरी लिंबू चोळून पुन्हा करायचा. मग वहिनीला विचारायचा, "वास येतो का गं?" त्याचं स्वतःचं नाक त्या वासाला इतकं सरावलं होतं, की त्याला तो कळायचाच नाही. वहिनी "नाही" म्हणायची आणि त्याला ते खोटं वाटायचं. खरं सांगायचं तर तेव्हा ते खोटंच असायचं.

त्याची एकुलती एक लेक प्राची चौथीत असताना तो ड्युटीवरून थेट तिच्या शाळेच्या गॅदरिंगला गेला. आजूबाजूच्यांनी नाकाला रुमाल लावले. घरी येऊन पोरगी रडत म्हणाली, "बाबा, तुम्ही परत येऊ नका." झालं! त्यानंतर हा माणूस तिच्या एकाही समारंभात आत येऊन बसला नाही. तिच्या लग्नातसुद्धा हॉलच्या गेटवर गाड्या लावत उभा. मी चारचौघांत त्याच्यावर ओरडले, पण ढिम्म हलला नाही. असा राग आला होता मला!

बारावीत प्राचीला टीबी झाला. सहा महिने रोज सकाळी दादाने स्वतःच्या हाताने तिला गोळ्या दिल्या. ती बरी झाली आणि हट्टाने फार्मसीला गेली. आता ती कल्याणच्या एका कॉलेजात शिकवते.

दादा रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी त्याचा धोशा तोच, वास अंगात मुरलाय. गेल्या महिन्यात प्राची त्याच्या मागेच लागली. "बाबा, माझ्या एका तासाला येऊन बसा. एकदाच." तो नको नको करत राहिला. शेवटी मी वर्तकनगरहून डोंबिवलीला त्याच्या घरी गेले आणि त्याला हाताला धरून कॉलेजात नेलं.

वर्गात तो शेवटच्या बाकावर बसला. शेजारी अक्षदा नावाची मुलगी. तिच्यापासून सरकत सरकत तो अर्धा बाकाबाहेर आलेला.

प्राचीने फळ्यावर षटकोन काढला. "पाच कोपऱ्यांत कार्बन, सहाव्यात नायट्रोजन. हे पिरिडीन. घराला वीट लागते ना, तशा औषधांना नायट्रोजनवाल्या कड्या लागतात. मलेरियाच्या गोळीत अशी एक सापडेल, अ‍ॅलर्जीच्या गोळीत वेगळी. टीबीच्या ज्या गोळ्यांनी मी वाचले, त्यातल्या एकीत तर हीच कडी आहे. आणि माझे बाबा बत्तीस वर्षं याच विटा पाडत होते." दादा मान खाली घालून बसलेला. मी सरळ पदराने डोळे पुसले.

मग तिने पंखा लावलेल्या काचेच्या कपाटात एक छोटी बाटली क्षणभर उघडली. पोरांनी पटापट रुमाल काढले. "ई, काय घाण मारतंय!" अक्षदा नाक दाबून म्हणाली.

दादा ताडकन उठला. "सॉरी हं बाळा. मी बाहेर थांबतो."

"अहो काका, तुम्ही कुठे चाललात? मॅडमनी बाटली उघडली ना आत्ता, तिचा येतोय."

"मघापासून येत नव्हता?"

"नाही ओ. मघापासून तुमच्या लिंबाचा येतोय."

दादाने माझ्याकडे पाहिलं. अठ्ठावन्न वर्षं ओळखते त्याला, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता. प्राचीने बाटलीचं झाकण घट्ट लावलं, हात धुतले आणि सगळ्या वर्गासमोर शेवटच्या बाकापाशी आली.

"बाबा, चौथीत बोलले ते चुकलं माझं. पुढे चला."

"खरंच येत नाही ना गं?"

"नाही येत. आणि येत असता ना, तरी पुढेच बसवलं असतं."

दादा पहिल्या बाकावर जाऊन बसला, मधोमध.