सुगराबीचं तोंड आणि स्लॅबचं पाणी

काय काम करतेस, असं कुणी विचारलं तर सुगराबी म्हणायची, "सिमेंटला पाणी पाजते." सत्तावीस वर्षं हेच. नवरा सत्तार गवंडी. त्याच्या हाताखाली ती पाट्या वाहायला लागली, आणि पुढं वडगाव रासाईच्या आसपास कुठंही स्लॅब पडला की पाणी मारायला तिलाच बोलावणं यायचं. सत्तारचे गुडघे गेले, तो घरी बसला. ही मात्र अजून शिडी चढते. तिचं म्हणणं साधं होतं: नवा स्लॅब ओल्या बाळंतिणीसारखा, पहिले सात दिवस हयगय केली की जन्माचं दुखणं.

इतक्या वर्षांत तिला कुणी पुरावा मागितला नव्हता. यंदा मागितला.

काम होतं नदीच्या वरच्या माळावर, एका वाडीतल्या शाळेच्या दोन खोल्यांचं. सुपरवायझर इंद्रजीत भांडगावचा, डिप्लोमा झालेला, सव्वीस वर्षांचा. त्याच्या फोनात कंपनीचं ॲप. दिवसातून तीनदा ओल्या स्लॅबचा फोटो पाठवायचा आणि फोटोत पाणी मारणाऱ्याचं तोंड दिसायला हवं. पहिल्या दिवशी सुगराबीचं तोंड नोंदवलं. त्यानंतर दुसऱ्या कुणाचं चालेना. फोटो गेला की पुण्याच्या ऑफिसात हिरवी खूण उमटायची, नाही गेला की लाल.

पहिल्याच दिवशी तिच्या नाकी नऊ आले. धूळ लागू नये म्हणून ती तोंडाला टॉवेल गुंडाळायची, तर ॲप म्हणे चेहरा स्पष्ट नाही. टॉवेल काढला तर म्हणे डोळे उघडे ठेवा. एप्रिलच्या उन्हात भर दुपारी डोळे वटारून कोण उभं राहील?

"आरं बाबा," ती करवादली, "स्लॅबला पाणी मारू, का तुझ्या मोबाईलला तोंड दावत बसू?"

"चाची, माझ्या हातात काय हाय?" इंद्रजीतही वैतागलेलाच. "लाल दिसलं की पुण्याहून तेजश्री मॅडम फोन करत्यात. दोनदा लाल झालं की मला लेखी उत्तर द्यावं लागतं."

सोमवार, मंगळवार निभावला. स्लॅबवर बोटभर उंचीचे बांध घालून सुगराबीनं कांद्याला पाडतात तसे वाफे पाडले होते. त्यात पाणी तुडुंब होतं. बुधवारी टँकरच आला नाही. तो कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवाला गेला होता. नदी खाली डोळ्यांना दिसत होती, आणि वर वाफे वाळून भेगाळल्या रानासारखे झाले होते. सकाळचा फोटो उरल्यासुरल्या ओलीवर निघाला. दुपारी इंद्रजीतनं दोन बादल्या पाणी आणलं, एक कोपरा भिजवला आणि म्हणाला, "चाची, एवढ्यात उभ्या राहा. टँकर चारला येतोयच."

तिला कळत होतं. पण डोकं उन्हानं भणभणलं होतं, वाद घालायचं त्राण नव्हतं. ती उभी राहिली. चारलाही तसंच झालं. टँकर काही आला नाही. पुण्यात तिन्ही खुणा हिरव्यागार.

रात्रभर तिला स्वतःचाच राग आला. सत्तावीस वर्षांत कुणाच्या स्लॅबला तहानेलं ठेवलं नव्हतं, आणि ते एका फोटोपायी ठेवलं!

गुरुवारी सकाळी पुन्हा टँकर नाही. इंद्रजीत पुन्हा बादली घेऊन हजर. सुगराबी शिडीच्या पायथ्याशी बसून राहिली.

"चाची, चला ना."

"तोंड माझं हाय. पाणी आण, मग देते."

त्यानं विनवलं, चिडला, मग स्वतःच कोपऱ्यात उभं राहून पाहिलं. ॲपनं त्याला ओळखच दाखवली नाही. साडेनऊला फोन वाजला. त्यानं तो स्पीकरवर टाकला.

"इंद्रजीत, सकाळचा फोटो कुठाय?" तेजश्रीचा आवाज.

"मॅडम, ते... नेटवर्क..."

"खोटं कशाला बोलतूस?" सुगराबी उठली आणि फोनजवळ तोंड नेलं. "बाई, मी सुगराबी. हितं पाणी न्हाई."

"आज नाही?"

"काल सकाळपासनं न्हाई."

तेजश्रीनं कालची नोंद उघडून पाहिली. "पण मावशी, कालचे तिन्ही फोटो हिरवे आहेत. तुम्हीच आहात त्यात."

"व्हय. मीच हाय. सकाळचा खरा. दुपारचे दोन खोटे. एक कोपरा भिजवला हुता आन् मी उभी राहिले."

इंद्रजीतनं कपाळावर हात मारला. तेजश्री म्हणाली, "हे नोंदवलं तर दोघांच्याही नावावर लाल येईल. तुम्हाला कामावरून काढतीलही."

"येऊ द्या लाल."

आणि मग गंमत पाहा. काल दिवसभर हिरवं होतं तोवर थेंब नव्हता. लाल झाल्यावर तासाभरात एक सोडून दोन टँकर माळ चढले. सुगराबीच्या तोंडून त्या टँकरवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. पण हात थांबले नाहीत. पाइप धरून तिनं एकेक वाफा भरत नेला. तापलेला स्लॅब चर्रर्र करत पाणी पीत होता.

मधल्या तुळईजवळच्या एका वाफ्यात पाणी ठरेना. तिनं पुन्हा भरला. पुन्हा खाली गेलं. मग ती वाकली, तळ हातानं पुसला आणि नख फिरवलं. नख अडकलं. हातभर लांब तडा.

इंद्रजीत वाकून पाहत राहिला. हळूच म्हणाला, "केसाएवढा हाय, चाची. वरून सिमेंटचा कोबा टाकला की दिसायचा पण न्हाई."

सुगराबीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पुसायची तिला लाज वाटली नाही.

"खाली पोरं बसणारेत," ती म्हणाली. "काढ फोटो. ह्याच्या शेजारी मला उभी कर, आन् मॅडमला सांग, हे कालचं हाय."