पॅप कॉडिलच्या दोन मात्रा

व्हर्ज कॉडिलला लिहितावाचता येत नसे आणि त्याचं त्याला कधी काही वाटलंही नव्हतं. फिडल, म्हणजे गावाकडचं व्हायोलिन, वाजवायला अक्षरं लागत नाहीत, आणि केंटकीच्या त्या खोऱ्यात वाचण्यासारखं होतं तरी काय? बायबल त्याची बायको ओमा वाचून दाखवायची, तेही नवऱ्याला झोंबतील असेच उतारे शोधून. पण एकोणीसशे सदतीसच्या ऑक्टोबरात विद्यापीठातल्या मिस लॉरिंग जुन्या चाली कागदावर उतरवून घ्यायला डोंगरात आल्या आणि व्हर्जची झोप उडाली. कारण त्या आधी टॅकेटकडे गेल्या होत्या.

फेस्टस टॅकेट हा डोंगरापलीकडचा फिडलवाला. 'नाल्यावरचं खेचर' ही चाल दोघेही वाजवत आणि दोघेही आपल्याच घराण्याची म्हणून सांगत. फरक एवढाच, की टॅकेटची चाल सरळ होती आणि कॉडिलांची वाकडी. दुसऱ्या भागाच्या मध्यावर व्हर्ज दोन मात्रा गप्प राही आणि मग पुढे निघे. खोऱ्यातल्या माणसांना त्याची लहानपणापासून सवय. नाचताना तेवढा वेळ सगळे एक पाय उचलून उभे राहत. बाहेरचा पाहुणा मात्र हमखास पुढच्या बाईच्या पाठीवर जाऊन आदळे. एक लग्न तर अशा आदळण्यातूनच जमलं होतं.

"कॉडिलांना चारपर्यंत मोजता येत नाही, बापापासूनची खोड आहे ती," असं टॅकेट चारचौघांत म्हणे. हे व्हर्जला फार लागे. स्वतःबद्दलचं त्याने ऐकून घेतलं असतं. पण पॅपला, म्हणजे त्याच्या बापाला, जाऊन तेवीस वर्षं झाली होती. ना फोटो, ना अक्षर; पॅपचं म्हणून या जगात ही एक चाल तेवढी उरली होती. ती पॅपसारखी कागदावर उतरली तर उतरली, नाहीतर बाईंच्या पुस्तकात टॅकेटचीच जायची.

मिस लॉरिंग आल्या त्या ओसरीवर बसल्या. ओसरीवर, कारण पॅप गेल्यापासून ओमाने घरात फिडलला बंदी केली होती. "एकोणीस वर्षं सासऱ्याचं ऐकलं, आता माझे कान माझे," असा तिचा हुकूम. व्हर्जने फिडल उचलली तशी आत काहीतरी खडखडलं.

"मिस्टर कॉडिल, आतलं काही सुटलंय का?"

"सुटलं नाही बाई, मीच घातलंय. रॅटलस्नेकच्या शेपटीचा खुळखुळा आहे. उंदीर जवळ येत नाहीत."

"माणसंही येत नाहीत," ओमा आतून म्हणाली.

बाईंनी चाल पाच वेळा ऐकली, भराभर टिपली आणि एका जागी पेन्सिल थांबवली. "इथे दोन मात्रा जास्त होतात. चुकून का?"

व्हर्जने चाळीस वर्षं घोटलेली गोष्ट बाहेर काढली. पॅप लढाईवरून परतत होता, वाटेत नाला लागला, खेचर थबकलं, पॅपने कानोसा घेतला, तर पलीकडे शत्रू...

"हीच गोष्ट मिस्टर टॅकेटनी सांगितली," बाई म्हणाल्या. "त्यांचं खेचर मात्र थांबत नाही. चांगल्या जातीचं होतं म्हणे."

व्हर्जचा चेहराच पडला. वारा बोचायला लागला होता, बाईंची बोटं गारठली होती, म्हणून ओमाने त्यांना आत नेऊन चुलीपाशी पॅपच्या खुर्चीत बसवलं. निखाऱ्यांवर बिडाच्या तव्यात मक्याची भाकरी होत होती. बाईंनी आपली फिडल काढली, पाहुणी म्हणून ओमाने त्यांना अडवलं नाही, आणि लिहिलेलं वाजवून दाखवलं, त्या दोन मात्रा गाळून. सूर सगळे जागच्या जागी होते. ओमाने मानसुद्धा वर केली नाही.

"हात चांगला आहे तुमचा," व्हर्ज म्हणाला, "पण यात पॅप नाही."

"मग त्या मात्रा कशासाठी ते सांगा. खरं कारण असेल तर ठेवते. नाहीतर वयामुळे हात अडखळला असं धरावं लागेल."

व्हर्जने टोपी काढली, पुन्हा घातली.

"सांगतोस की मी सांगू?" ओमा म्हणाली.

"तू भाकरीकडे बघ."

"जन्मभर तेच केलं की!"

"पॅप तंबाखू चघळायचा," व्हर्ज एका दमात म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "त्या जागी यायचा तोवर तोंड भरलेलं असायचं. मग चुलीत पिंक टाकायचा आणि पुढे वाजवायचा. मी पोर होतो, मला वाटलं चालच तशी आहे. मी तंबाखूला आयुष्यात शिवलो नाही बाई, पण थांबतो तिथेच. आता न थांबता पुढे जाताच येत नाही."

"आणि नेम कसला म्हाताऱ्याचा!" ओमा म्हणाली. "एकोणीस वर्षं दर वेळी तवा ओढून भाकरी वाचवली मी."

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी रबराने थोडं पुसलं आणि तिथे एक बारीकशी खूण काढली.

"हे काय?"

"थांबायची खूण. इथे काही वाजवायचं नाही."

व्हर्जने कागद नाकाजवळ धरला. पासष्ट वर्षांत त्याने वाचलेलं हे पहिलंच अक्षर. "म्हणजे हा पॅप," तो हळूच म्हणाला आणि त्याला एकदम फार बरं वाटलं.

बाईंनी पुन्हा सुरुवात केली. ओमा व्हर्जला टोपीवरून काहीतरी सुनावत होती. दुसऱ्या भागाच्या मध्यावर बाईंचा हात थांबला, आणि बोलता बोलताच, चुलीकडे न बघता, ओमाने तवा झर्रकन बाजूला ओढला. दोन मात्रांनी फिडल पुन्हा सुरू झाली तसा तो परत निखाऱ्यांवर सारलाही. मग आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं आणि ती आपल्याच हाताकडे बघत राहिली.

"मेला म्हातारा," ती म्हणाली.

व्हर्जने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाई, अजून एकदा वाजवा," ओमा म्हणाली, आणि या खेपेला तिने तवा आधीच बाजूला काढून ठेवला.