दिनूच्या गाण्यातला ढोल

भडगावला मी गेलो तो एका ढोलासाठी. दिनू म्हणजे तिथल्या आपल्या घरात बसून, एकट्यानं, मराठी रॉकचा एकच अल्बम करणारा गायक. चार वर्षांपूर्वी आजारानं गेला. आज पुण्यात गिटार हातात घेतलेलं प्रत्येक पोरगं त्याच्यासारखं नाकातून गातं. त्याच्या शेवटच्या गाण्यात एक ओलसर धप-धप आहे. ती आफ्रिकेतल्या मातीच्या ढोलाची, असा लांबलचक लेख मी इथंच, या ब्लॉगवर, ठोकून दिला होता. चाहत्यांच्या ग्रुपवर लोक मला 'सर' म्हणू लागले होते. पुरावा तेवढा आणायचा राहिला होता.

जायचं तर थंडीत जा. रेल्वेनं पाचोऱ्याला उतरा, पुढं एसटी मिळते. स्टँडजवळ शेवभाजी खा, पण "तिखट कमी" म्हणू नका. मी म्हणालो, तर हॉटेलवाला म्हणाला, "मंग दूधच पी ले ना भाऊ!"

दिनूचं घर कुणीही दाखवतं. अंगणात त्याची आई, अक्का, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होत्या. वडील, आबा, खाटेवर फोन कानाला लावून बसले होते. मी लेखकाच्या थाटात ढोलाचं विचारलं.

"ढोल ना फोल!" अक्का म्हणाल्या. "ती आम्हनी बडगी शे." आणि भरीत ठेचायचं होडीसारखं लाकडी भांडं त्यांनी माझ्यापुढं सरकवलं.

आबांनी गरम वांगी त्यात टाकली आणि मुसळ मारलं. धप. धप. तोच ठोका! माझी आफ्रिका त्या वांग्यांबरोबर ठेचली गेली.

"दिनू म्हने, आबा, आखो एकदाव," आबा म्हणाले. "वांगासनं बठ्ठं पानी व्हई गयं, तरी आखो एकदाव!" सगळ्या वांग्यांचं पाणी झालं, तरी रेकॉर्डिंग करणाऱ्या दिनूचं 'आणखी एकदा' संपेना.

"मग अल्बमवर तुमचं नाव का नाही?"

आबा मुसळाला चिकटलेलं वांगं निपटू लागले. उत्तर अक्कांनी दिलं, आबांकडे बोट करून. "पोऱ्या टाकी राहिंता. यासनीच नको सांगं. वांगा ठेचनारानं नाव टाकं ते गाव हासी, म्हने. आते रोज गानं लावतस, नि फोनमा नाव शोधतस."

मला फार वाईट वाटलं, आणि त्यात माझ्या लेखाची लाजही होती. भरीत मात्र मी तीनदा वाढून घेतलं. सोबत कळण्याची भाकरी होती, ती सोडणारा मूर्ख.

घरी आल्यावर जुना लेख खोडला आणि लिहिलं: 'ताल: आबा, दिनूचे वडील. बडगीवर.' अल्बम ज्या मित्रानं नेटवर चढवला होता, त्याच्याकडून तिथंही दिनूच्या नावाखाली आबांचं नाव घालून घेतलं. ग्रुपवर माझी यथेच्छ चेष्टा झाली. 'वांगेसर' हे नाव आता कायमचं चिकटलं आहे, आणि खरं सांगतो, मला ते आवडतं.

परवा आबांचा फोन आला. आधी खूप वेळ नुसतंच हसू ऐकू आलं.

"नाव दिसनं भाऊ. बठ्ठं गाव हासी राहिनं." मग म्हणाले, "हासू दे."