बाबांना मुली किती

व्हिसाच्या मुलाखतीचा सराव करताना वकिलातीतला साहेब मी व्हायचे. अकोल्याच्या घरात, पुढच्या खोलीत मी खुर्चीवर आणि बाबा समोर उभे. तिथं खिडकीशी उभंच राहावं लागतं, असं ताईनं अमेरिकेतून फोनवर सांगितलं होतं, म्हणून सरावालाही मी त्यांना बसू देत नसे. मुलांना शिकवण्यात माझा जन्म गेला. परीक्षा म्हटली की मी मऊ राहत नाही.

"काम काय करत होता?"

"कापसाच्या जिनिंगमधी फिटर."

"अमेरिकेत कोणाकडे जाणार?"

"पोरीकडं."

"तुम्हाला मुलं किती?"

"दोन पोरी."

इथं गाडी अडायची.

"बाबा, एक म्हना."

"एक कशी? मोठी तिकडं, लायनी तू. दोन नाई झाल्या?"

"कागदावर एकच हाय."

"कागद मले काय सांगते बाई!"

मी बाबांची पुतणी. माझे वडील म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. शेतातल्या मोटारीचा शॉक लागून ते गेले तेव्हा मी पाळण्यात होते. माझ्या जन्मदातीचं दुसरं लग्न बाबांनीच पुढाकार घेऊन अंजनगावला लावून दिलं आणि मला ठेवून घेतलं. त्यानंतर त्या घरात 'पुतणी' हा शब्द कोणी उच्चारला नाही. ताईला आणि मला एकाच ताग्यातले फ्रॉक, मारही सारखाच. बाबांच्या बायकोला मी आईच म्हणायचे. एखाद्या पाहुण्यानं सख्खं-चुलत काढलं, तर आई त्याला दुसऱ्यांदा चहा विचारत नसे.

फक्त शाळेत नाव घालताना मास्तर म्हणाले होते, तुमचंच नाव लावा, पुढं कटकट नको. बाबांनी ऐकलं नाही. माझ्या नावापुढं त्यांनी आपल्या भावाचं नाव लिहायला लावलं. भाऊ तर गेला, आता त्याचं नावही मीच पुसू काय, असं म्हणाले. दत्तकाचे कागद केले नाहीत तेही याच कारणानं. आणि आता, इतक्या वर्षांनी, त्या मोठेपणामुळेच अमेरिकेच्या लेखी मी त्यांची कोणी नव्हते.

अर्ज ताईनं भरला. मुलांच्या रकान्यापाशी आली तेव्हा तिनं मला फोन केला आणि नुसती रडत राहिली. मीच म्हटलं, एक लिही, दुसरं काय लिहिणार. तिचा नवरा अचानक वारला होता. मुलगी लहान. ताईची दवाखान्यात रात्रपाळी, आणि पोर कधी या शेजारणीकडे, कधी त्या. इकडे आई गेल्यापासून बाबाही एकटेच भिंतीकडे बघत जेवायचे. त्यांचं तिथं जाणं दोन्ही घरांच्या गरजेचं होतं. कागदावर एक आणि तोंडात दोन असं झालं, तर म्हातारा काहीतरी लपवतोय असं साहेबाला वाटणार, फाइल बाजूला पडणार, आणि मग महिने लागतात की वर्षं, ते कोणी सांगत नाही.

"बरं, मंग असं सांगा," मी एकदा म्हटलं, "एक मुलगी अन् एक पुतणी सांभाळली."

बाबा माझ्याकडे असे बघत राहिले की मीच मान खाली घातली.

बाबा विहारात नेमानं जाणारे. सकाळी वंदना करून पंचशील घेतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावत नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं.

"रोज सकायी खोटं न बोलाचं शील घेतो, अन् तिथं जाऊन मोडू? काहून?"

"ताईसाठी."

बाबा दुसऱ्या दिवसापासून सरावात "एक" म्हणू लागले. मी शाबास म्हणायचे. खरं सांगू? उत्तर मीच घोकून घेतलेलं, पण ते त्यांच्या तोंडून आलं की दर वेळी पुढचा प्रश्न मी विसरायचे.

मुंबईला वकिलातीत माझ्यासारख्या सोबतीच्या माणसांना आत घेत नाहीत. आत गेलेल्यांचे मोबाइल आणि पिशव्या मांडीवर घेऊन आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला बसलो होतो. कोणी जप करत होतं, कोणी उगाच भांडत होतं. मला वाटलं होतं मी बाबांची काळजी करत बसेन. पण डोक्यात एकच फिरत होतं: विचारलं असेल का? म्हणाले असतील का?

दुपार कलायच्या आधी बाबा बाहेर आले. फाइल काखेत, सदऱ्याची वरची गुंडी तशीच लावलेली.

"पासपोर्ट ठिऊन घेतला," म्हणाले.

पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे काम झालं. मी तिथंच ताईला फोन लावला. खरंच ठेवून घेतला का, असं ती तीन-तीनदा विचारत राहिली. बाबा मात्र माझ्याकडे बघेनात. डब्यातली पोळी त्यांनी तशीच परत दिली. रात्री रेल्वेत बसल्याबरोबर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी त्यांचं शील मोडायला लावलं म्हणून रुसले, असं मी धरून चालले. आणि मलाही राग आला होता. इतका सराव करून घेतला, पण त्यांनी जरा तरी अडखळावं, असं मला वाटत होतं. माझ्यासाठी त्यांचं काम थोडं बिघडलं असतं तरी चाललं असतं, असं एवढ्या मोठ्या वयात वाटलं.

उजाडता शेगाव गेलं. बाबा अकोल्याला उतरणार, मी तशीच पुढं अमरावतीला, कारण मला शाळा होती. त्यांनी पिशवी काढली आणि पहिल्यांदाच माझ्याशेजारी येऊन बसले.

"तिथं पयले शपथ घेतात," ते म्हणाले. "खिडकीतली बाई मराठी बोले. म्हने, उजवा हात वर करा, जे सांगीन ते खरंच सांगीन असं म्हना."

"मंग?"

"म्या म्हनलं. अन् हात वरच ठिवला. बाई म्हने, काका, घ्या आता खाली. म्या म्हनलं, राहू द्या. काम विचारलं, घर विचारलं, तुही आई कधी गेली ते विचारलं. सारं हात वर ठिऊनच सांगतलं. खांदा दुखून राह्यला अजून."

गाडी हळू झाली होती. लोक सामान घेऊन दाराकडे सरकू लागले.

"अन् पोरं किती, ते विचारलं तवा?"

"तवा खाली घेतला," बाबा म्हणाले. "एक सांगतलं. अन् मंग परत वर केला."

अकोला आलं. मी त्यांची पिशवी घ्यायला वाकले, पण त्यांनीच ती उचलली, डाव्या हातानं, आणि उतरून खिडकीशी आले.

"पोचली का फोन करजो," म्हणाले.